चाक रस्त्यावर राहावं म्हणून

माझा भाचा गेली काही वर्षं इंग्लंडमध्ये असतो. संगणकाची नोकरी, छोटंसं घर, आणि दोन वर्षांपूर्वी घेतलेली एक जुनी, लाल, दोन सीटची माझदा एमएक्स-५. लहानपणी पुण्याला आमच्याकडे आला की माझ्या स्कूटरचा कार्ब्युरेटर उघडायला तोच पुढे असे, त्यामुळे ही खरेदी ऐकून आश्चर्य वाटलं नाही. मागच्या पावसाळी हिवाळ्यात मात्र त्याचा फोन आला तेव्हा आवाज वेगळा होता. वेल्समधल्या एका अरुंद रस्त्यावर, वळणाच्या मधोमध एक उंचवटा आला आणि गाडीची मागची बाजू क्षणात बाहेर फेकली गेली. गाडी अर्धी गिरकी घेऊन गवतात थांबली. समोरून कोणी येत नव्हतं म्हणून निभावलं. शेजारी बायको होती. ती तेव्हापासून त्या गाडीत बसलेली नाही.

"मामा, वेग फार नव्हता रे. टायर नवे आहेत. आणि आधीच्या मालकाने तर खास रेसिंगचं सस्पेन्शन बसवलंय. मग असं कसं झालं?"

मी आयुष्यभर वाहनांच्या चाचण्यांच्या क्षेत्रात काम केलं. प्रश्नाचं उत्तर त्याच्या शेवटच्या वाक्यातच होतं. 'रेसिंगचं सस्पेन्शन असूनही' नव्हे, तर बहुधा 'ते तसं होतं म्हणूनच'. पुढचे काही आठवडे आम्ही दोघांनी फोनवर त्या गाडीचा हिशेब मांडला. हा लेख त्या हिशेबाचा आहे. स्पोर्ट्‌स कार आपल्यापैकी थोड्यांकडेच असेल. पण गाडी 'खाली बसवणं' आणि 'कडक करणं' याचं वेड आपल्याकडच्या साध्या गाड्यांपर्यंतही पोचलं आहे, आणि त्यामागचं विज्ञान सगळीकडे एकच आहे.

गाडी कोणती, हे आधी

एमएक्स-५ पहिल्यांदा लोकांसमोर आली ती फेब्रुवारी १९८९ मध्ये, शिकागोच्या मोटार प्रदर्शनात. १९६०च्या दशकातल्या इंग्लिश रोडस्टर गाड्यांची गंमत जपानी भरवशासह द्यावी, असा तिचा हेतू. पहिल्या पिढीची गाडी जेमतेम साडेनऊशे ते हजार किलोची. दोन आसांमधलं अंतर २,२६५ मिलिमीटर. चारही चाकांना 'डबल विशबोन', म्हणजे प्रत्येक चाक एका वरच्या आणि एका खालच्या त्रिकोणी भुजेवर धरलेलं. स्वस्त गाडीसाठी ही रचना चैनीचीच होती. एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी एमएक्स-५ तयार झाली. दोन सीटच्या उघड्या स्पोर्ट्‌स गाड्यांत इतकी दुसरी कोणतीही खपली नाही.

आता या पहिल्या पिढीतल्या गाड्या तिशी ओलांडून गेल्या आहेत. त्यांचे रबरी बुश तडकले आहेत आणि मूळ शॉकअप कधीच थकले आहेत. (शॉक ॲब्सॉर्बरला आपल्या गॅरेजमध्ये शॉकअपच म्हणतात, मीही तोच शब्द वापरतो.) त्यामुळे सस्पेन्शन बदलावं लागतंच. प्रश्न असतो तो काय बसवायचं हा. बाजारात जे चकचकीत दिसतं ते बहुतेक 'कॉइलओव्हर' प्रकारातलं असतं: स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र, उंची कमी-जास्त करायला आटे, आणि कडकपणा बदलायला बत्तीस टप्प्यांची चावी. भाच्याच्या गाडीला नेमकं तेच होतं.

सस्पेन्शनचं काम काय?

बहुतेकांचं उत्तर असतं, 'धक्के कमी करणं'. स्पोर्ट्‌स कारचे शौकीन म्हणतात, 'वळणावर गाडी कलू न देणं'. दोन्ही दुय्यम आहेत. पहिलं काम म्हणजे टायर रस्त्यावर दाबलेला ठेवणं, आणि तो दाब शक्य तितका सारखा ठेवणं. ब्रेक, वळण, वेग हे सगळं टायरच्या तळहाताएवढ्या भागातूनच रस्त्यापर्यंत पोचतं.

टायरचा एक गुणधर्म इथे समजून घ्यायला हवा. टायरवरचा भार दुप्पट केला तर त्याची पकड वाढते, पण दुप्पट होत नाही. म्हणजे एका आसाच्या दोन चाकांवर २५०-२५० किलो असतील तर मिळणारी पकड ४००-१०० अशा वाटणीत मिळत नाही. ती कमीच भरते. भार जितका विषम, जितका वरखाली होणारा, तितकी एकूण पकड कमी. पुढचं सगळं विवेचन या एका गोष्टीवर उभं आहे.

आता कलण्याबद्दलचा गैरसमज. वळणावर आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. किती जातो, हे गाडीचं वजन, वळणाचा जोर, गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर यांवर ठरतं. या यादीत स्प्रिंगचं नाव नाही. समजा गाडी हजार किलोची, गुरुत्वमध्य ४५ सेंटिमीटरवर, चाकांतलं अंतर १.४ मीटर, आणि वळणाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट. तर सुमारे २५७ किलो भार आतून बाहेर जाणार, स्प्रिंग मऊ असो की दगडासारखी. गाडी २५ मिलिमीटर खाली आणली तर हा आकडा साडेपाच टक्क्यांनी, म्हणजे साधारण १४ किलोंनी घटतो. फायदा खरा आहे, पण इतकाच आहे.

मग स्प्रिंगने बदलतं काय? तो भार पुढच्या आणि मागच्या आसात कसा वाटला जातो, ते. जी बाजू जास्त कडक, ती या हस्तांतराचा मोठा वाटा उचलते आणि आपली पकड आधी गमावते. पुढची बाजू कडक असेल तर गाडी वळायला कुरकुरते आणि सरळ जाऊ पाहते. मागची कडक असेल तर शेपूट बाहेर येते. कारखान्यात अभियंते पुढची-मागची स्प्रिंग आणि अँटी-रोल बार यांचा मेळ महिनोन्‌महिने बसवतात. आपण एकच बाजू बदलली, की तो मेळ मोडतो.

जागेचा हिशेब

भाच्याला मी पहिलं काम सांगितलं ते अगदी साधं. शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर, खाली अंगाला टेकेल अशी एक प्लॅस्टिकची केबल-टाय घट्ट बांध, नेहमीच्या रस्त्यावर अर्धा तास फिरून ये आणि ती कुठवर सरकली ते बघ. चाक वर दाबलं गेलं की शॉकअपचं अंग ती टाय ढकलत नेतं आणि टाय तिथेच राहते. तो फिरून आला. मागच्या दोन्ही शॉकअपवर टाय थेट वरच्या रबरापर्यंत जाऊन चेपली होती.

हे रबर म्हणजे बम्प स्टॉप. चाक वर जाण्याची जागा संपत आली की लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून ते असतं. पण आपलं चाक त्याला टेकलं की स्प्रिंगचा कडकपणा क्षणात कित्येक पटींनी वाढतो. वळणावर बाहेरचं चाक आधीच दाबलेलं असतं. त्यात उंचवटा आला, जागा संपली, आणि मागची बाजू एकाएकी दगड झाली. भार-हस्तांतराचा मोठा वाटा तिने उचलला, मागच्या टायरची पकड तुटली. ओल्या रस्त्यावर हे सावरायला चालकाला अर्धा सेकंदही मिळत नाही. वेल्समध्ये घडलं ते हेच, असा आमचा निष्कर्ष निघाला.

गाडी खाली आणण्याची खरी किंमत ती ही. समजा मूळ गाडीत चाकाला वर जायला ८० मिलिमीटर जागा होती. गाडी ३० ने खाली आणली, उरली ५०. तोच धक्का कमी जागेत पचवायचा तर स्प्रिंग किती कडक हवी? स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा दाबाच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणून ८० भागिले ५०, त्याचा वर्ग: २.५६. अडीच पट कडक स्प्रिंग हवी. म्हणजे गाडी खाली आणली की ती कडक करणं भाग पडतं, आणि पुरेशी कडक केली नाही तर ती रबरावर आपटत राहते.

या गाडीपुरती एक उपयोगी गोष्ट अशी, की दुसऱ्या पिढीच्या एमएक्स-५चे वरचे शॉकअप-माउंट पहिल्या पिढीच्या गाडीला बसतात आणि त्यांच्या रचनेमुळे शॉकअपला थोडी जास्त हालचाल मिळते. चकचकीत चावीपेक्षा हा बदल मोलाचा आहे.

आणखी एक. उंची मोजायची ती चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत. जमिनीपासून मोजली तर टायरचा आकार आणि हवा यांमुळे आकडा फसवतो.

कडक म्हणजे किती कडक?

पेटीवर स्प्रिंगचा आकडा असतो, जपानी पद्धतीत 'किलो प्रति मिलिमीटर'. भाच्याच्या गाडीत पुढे दहा किलोची स्प्रिंग होती. तो अभिमानाने सांगे. पण नुसता हा आकडा काही सांगत नाही. स्प्रिंग चाकावर थेट उभी नसते, भुजेवर मध्येच कुठेतरी टेकलेली असते. चाक १० मिलिमीटर हललं तर स्प्रिंग समजा ७ मिलिमीटरच दबते. हे ०.७ चं गुणोत्तर बळ आणि अंतर दोन्हींना लागू होत असल्याने त्याचा वर्ग घ्यावा लागतो: ०.४९. दहा किलोची स्प्रिंग चाकापाशी जेमतेम पाच किलोची ठरते.

मग अभियंते तुलना करतात ती वारंवारतेची. चाकांवर उभी गाडी दाबून सोडली आणि शॉकअप नसतेच, तर ती सेकंदाला किती वेळा वर-खाली झाली असती? हा आकडा हर्ट्‌झमध्ये. साधारणपणे आरामशीर कौटुंबिक गाडी १ ते १.३ हर्ट्‌झ, रस्त्यावरची स्पोर्ट्‌स कार १.४ ते १.८, आणि गुळगुळीत ट्रॅकवरची शर्यतीची गाडी २ च्या वर. यामागचं गणित सुंदर आहे. गाडीच्या स्वतःच्या भाराने स्प्रिंग चाकापाशी जितकी दबते, तेवढ्यावर वारंवारता ठरते: १ हर्ट्‌झला २४८ मिलिमीटर, दीडला ११०, दोनला ६२, अडीचला फक्त ४०.

आमच्या गाडीच्या एका कोपऱ्यावर स्प्रिंगच्या वर सुमारे २२५ किलो धरले. दहा किलोची स्प्रिंग घालून उत्तर आलं २.३ हर्ट्‌झ. म्हणजे ट्रॅकची गाडी. १.६ हर्ट्‌झ हवे असतील तर पुढे सुमारे ४.७ किलोची स्प्रिंग पुरते, निम्म्याहूनही कमी.

फोनवर बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "म्हणजे मी दोन वर्षं ट्रॅकची गाडी गावच्या रस्त्यावर चालवतोय."

ट्रॅक आणि रस्ता यांत फरक काय? ट्रॅक गुळगुळीत असतो आणि प्रत्येक वळण पाठ असतं. तिथे मोठा धक्का येत नाही, त्यामुळे थोड्या जागेत कडक स्प्रिंग चालते. रस्त्यावर ठिगळं आहेत, उंचवटे आहेत, ड्रेनेजची झाकणं आहेत. अति कडक स्प्रिंग प्रत्येक उंचवट्यावर चाकाला वर फेकते आणि खळग्यात चाक वेळेत खाली येत नाही. हवेत असलेल्या टायरची पकड शून्य. शिवाय स्प्रिंग कडक झाली की रस्त्याची थरथर शरीरापर्यंत जास्त पोचते. उभ्या दिशेच्या ४ ते ८ हर्ट्‌झच्या कंपनांना माणसाचं शरीर सर्वांत हळवं असतं. दमलेला चालक हाही सुरक्षिततेचाच प्रश्न आहे.

मॉरिस ओली यांचा धडा

पुढची स्प्रिंग किती आणि मागची किती, या प्रश्नाचं उत्तर शोधणाऱ्यांत मॉरिस ओली हे नाव मोठं आहे. मूळचे इंग्लिश, आधी रोल्स-रॉइसमध्ये, १९३० पासून अमेरिकेत कॅडिलॅककडे. त्यांनी एका गाडीवर इकडून तिकडे हलवता येतील अशी वजनं लावली आणि पुढच्या-मागच्या स्प्रिंग बदलत बदलत ती स्वतः चालवून पाहिली. निष्कर्ष त्या काळच्या समजुतीच्या उलट निघाला: पुढची स्प्रिंग मागच्यापेक्षा मऊ हवी.

कारण असं. उंचवटा पुढच्या चाकाला आधी लागतो, मागच्याला नंतर. एमएक्स-५ ताशी ८० किलोमीटरने जात असेल तर हा फरक एक दशांश सेकंदाचा. दोन्ही टोकांची वारंवारता सारखी असेल तर ती एकमेकांच्या मागे राहतात आणि गाडी घोड्यासारखी पुढे-मागे डुलते. मागची वारंवारता थोडी जास्त ठेवली तर मागची बाजू पुढचीला गाठते, आणि गाडी सपाट वर-खाली होऊन शांत होते. पुढची स्प्रिंग इतकी मऊ करायची तर अखंड आस चालत नव्हता. त्यातूनच १९३४ च्या जनरल मोटर्सच्या गाड्यांना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आलं. याच ओलींनी पुढे १९५३ च्या शेव्हर्ले कॉर्व्हेट या स्पोर्ट्‌स कारची चासी आखली. आरामाचा अभ्यास करणारा माणूस स्पोर्ट्‌स कारला परका नव्हता.

शर्यतीचे अभियंते अनेकदा हा नियम बाजूला ठेवतात, कारण त्यांना डुलणं नव्हे, तर स्टिअरिंगचा तत्काळ प्रतिसाद महत्त्वाचा असतो. रस्त्यावर मात्र ओलींचा नियम अजून उपयोगी आहे.

शॉकअप: हिशेबाचा उरलेला अर्धा

स्प्रिंग ऊर्जा साठवते, शॉकअप ती तेलाच्या घर्षणातून उष्णतेत घालवतो. स्प्रिंगला शोभेल असा शॉकअप नसेल तर कितीही चांगली स्प्रिंग वाया जाते. स्प्रिंग दुप्पट कडक केली तर शॉकअपचा जोर सुमारे १.४ पट (दोनाचं वर्गमूळ) वाढवावा लागतो. जुन्या शॉकअपवर नवी कडक स्प्रिंग चढवणं ही म्हणूनच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वाईट सुधारणा. गाडी उसळत राहते.

उलट बाजूने, चावी फिरवून शॉकअप अति आवळला तर स्प्रिंग उलगडायलाच वेळ मिळत नाही. लागोपाठच्या उंचवट्यांवर चाक दर वेळी थोडं कमी खाली येतं, गाडी स्वतःला खाली खेचत जाते आणि पुन्हा त्याच रबरावर जाऊन टेकते. भाच्याची चावी बत्तीसपैकी तिसाव्या टप्प्यावर होती. 'जास्त म्हणजे चांगलं' या समजुतीने.

टप्पे किती, हा प्रश्न विचारायचाच नाही. विचारायचं ते असं: हा शॉकअप कोणत्या स्प्रिंगसाठी बनवला आहे? चावीने फक्त परतीचा जोर बदलतो की दाबाचाही? झिजल्यावर दुरुस्त होतो का? फ्रान्सच्या द कार्बों यांच्या कल्पनेवरून जर्मनीच्या बिल्स्टाइनने १९५७ पासून मर्सिडीझसाठी बनवलेले एकनळीचे, दाबाखाली वायू भरलेले शॉकअप अजून नावाजलेले आहेत. वायूच्या दाबामुळे तेलाला फेस येत नाही आणि लांब घाटातही जोर टिकतो. माझदानेही एमएक्स-५च्या काही आवृत्त्यांत कारखान्यातूनच बिल्स्टाइन दिले होते. हॉलंडच्या कोनीचे परतीचा जोर बदलता येणारे शॉकअपही या गाडीला लोक आवडीने घालतात. यांपैकी कशावरही बत्तीस टप्पे नाहीत.

मग निवडायचं कसं?

भाच्यासाठी मी क्रम लावून दिला तो असा.

पहिल्यांदा टायर, हवा, बुश आणि बॉल जॉइंट. तीस वर्षांचं तडकलेलं रबर चाकाला भलत्या कोनात जाऊ देतं. ते तसंच ठेवून महागडं सस्पेन्शन बसवणं म्हणजे मोडक्या पायाला नवा बूट. रबरी बुशचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर, नेहमीच्या उंचीला हवी. चाकं लोंबकळत असताना आवळले तर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

दुसरं, किती जागा हवी ते ठरवा. उंची मूळच्या आसपास, फार तर पंधरा-वीस मिलिमीटर खाली. त्याहून खाली गेलं की भुजांचे कोनही बिघडतात. कलण्याचा काल्पनिक मध्य, ज्याला रोल सेंटर म्हणतात, तो गाडीपेक्षा जास्त खाली जातो आणि गाडी त्याच स्प्रिंगवर अधिक कलते. दिसायला बसकी, वागायला वाईट.

तिसरं, वारंवारता: पुढे दीडच्या आसपास, मागे किंचित जास्त. चौथं, त्या स्प्रिंगसाठीच बनवलेला शॉकअप. पाचवं, कलणं खटकत असेल तर थोडा जाड अँटी-रोल बार, तोही पुढचा-मागचा मेळ सांभाळून. आणि सगळं झाल्यावर चारही चाकांचं अलाइनमेंट, सीटवर चालकाएवढं वजन ठेवून.

ज्याला फक्त रोज आनंदाने गाडी चालवायची आहे, त्याला बहुतेकदा कारखान्याच्या मापाच्या स्प्रिंग आणि नवे चांगले शॉकअप एवढंच पुरतं. कॉइलओव्हर वाईट नसतात. महिन्यातून दोनदा ट्रॅकवर जाणाऱ्याला, कोपऱ्यांची वजनं मोजून उंची लावणाऱ्याला त्यांचा उपयोग आहे. स्वस्त कॉइलओव्हर रस्त्यावर मात्र बहुधा केवळ उंची कमी करण्याचं यंत्र ठरतं.

कायद्याचं भानही हवं. ब्रिटनमध्ये असा बदल विमा कंपनीला कळवावा लागतो, नाहीतर अपघातानंतरचा दावा अडचणीत येतो. भाच्याने तोवर कळवलेलं नव्हतं, आधीच्या मालकाचं काम म्हणून. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर बंधन घालतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते अधोरेखित केलं. आपल्या गतिरोधकांवर खाली बसवलेल्या गाड्यांचं काय होतं, हे पुण्यात कोणत्याही गल्लीत उभं राहिलं तरी दिसतं.

भाच्याने ते कॉइलओव्हर विकले. साध्या स्प्रिंग, चांगले एकनळी शॉकअप, नवे बुश, दुसऱ्या पिढीचे माउंट. पैसे विकलेल्या मालातूनच बरेचसे निघाले. पुन्हा केबल-टाय बांधली. त्याच रस्त्यावरून आल्यावर ती रबराच्या दोन बोटं अलीकडे थांबलेली होती. गाडी आधीपेक्षा थोडी जास्त कलते, असं तो म्हणाला, आणि वेगही त्याच वळणांवर आधीपेक्षा थोडा जास्त राहतो.

परवा त्याने एक फोटो पाठवला. लाल गाडी, उघडं छत, कुठल्याशा टेकडीवरचा थांबा. शेजारच्या सीटवर बायको बसलेली होती.